एक पुस्तिका, अनेक प्रती



डहाणू व तलासरी तालुक्यांतील पुष्कळ मुले घरी वारली बोलतात आणि प्रमाण मराठीशी त्यांचा खरा परिचय शाळेतच होतो. त्यांच्यासाठी आपण शब्दसंग्रह व वाचनपाठ तयार करता, हे कार्य मोलाचे आहे. परंतु असे दीर्घ लिखाण संगणकावर पृष्ठबद्ध करताना प्रतींचा गोंधळ झाला, तर सर्व श्रम वाया जातात.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी अशा एका शब्दसंग्रहाचे काम माझ्याकडे होते. शिक्षकांनी पाड्यांवरील वृद्ध स्त्रियांना विचारून अनेक शब्द दुरुस्त केले. माझ्या संगणकावर मात्र ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अंतिम खरे’ अशा तीन फायली होत्या. घाईत मी मुद्रकाकडे पहिलीच धाडली. छापील पुस्तिका वाचून एक मुलगी आपल्या गुरुजींना म्हणाली, “आमच्याकडे असे म्हणत नाहीत.” तिच्या घरचा शब्द आपण आदराने मागून घेतला आणि निष्काळजीपणाने हरवला, ही खंत आजही मनात आहे.

हा प्रश्न नवा नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली. पुढे नकला करताना तिच्यात पाठभेद शिरले. एकनाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, शुद्ध प्रत सिद्ध केली, तिचा काळ नोंदविला आणि पुढे कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावले. ताडून पाहणे, काळ नोंदविणे आणि मान्य प्रत एकच ठेवणे, ही तीन सूत्रे आपणांसही पुरेशी आहेत.

कार्यपद्धती

१. प्रत्येक प्रकरणाची फाइल स्वतंत्र ठेवावी. इनडिझाइनमधील ‘बुक’ या सोयीने प्रकरणे जोडता येतात व पृष्ठांक सलग पडतात. एक प्रकरण एका वेळी एकाच शिक्षकाकडे असावे.

२. नावात प्रकरण, दिनांक व प्रतक्रमांक असावा, जसे, ‘प्रकरण-०३_२०२५-०६-१४_प्रत-०४’. वर्ष आधी लिहिल्याने फायली कालक्रमाने लागतात. ‘अंतिम’ हा शब्द नावात घालू नये.

३. दुरुस्ती आरंभण्यापूर्वी ‘सेव्ह अ‍ॅज’ने नवी प्रत करावी. जुनी पुसू नये. ‘जुन्या प्रती’ या फोल्डरमध्ये ठेवावी. कोणी, केव्हा, काय बदलले, हे वहीत लिहावे.

४. चित्रे बहुधा फायलीत नसून तिला केवळ जोडलेली असतात. फाइल दुसरीकडे नेताना ‘पॅकेज’ करावे, म्हणजे चित्रे व वापरलेले फॉन्ट बरोबर जातात. तरी देवनागरी फॉन्ट आला की नाही, हे उघडून पाहावे. नव्या आवृत्तीतील फाइल जुन्या इनडिझाइनमध्ये उघडावयाची असल्यास आयडीएमएल रूपात द्यावी.

५. मुद्रकाकडे एकच पीडीएफ धाडावी. त्यापूर्वी वहीतील प्रत्येक दुरुस्ती तिच्यात उतरली आहे की नाही, हे दोघांनी मिळून ताडावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने खूण करावी.

स्वाध्याय

आपल्या शाळेतील एखाद्या पुस्तिकेच्या सर्व फायली शोधून त्यांना वरीलप्रमाणे नावे द्यावीत. मान्य प्रत कोणती, हे सहकाऱ्यास न विचारता ओळखता येते काय, ते पाहावे. येत नसेल, तर केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत त्यावर विचार करावा.