शाळेनंतरची वाट : बधिर विद्यार्थ्यांविषयीं कांहीं विचार

शाळा सुटल्यावर पुढें काय करावयाचें हा प्रश्न तुम्हां प्रत्येकाच्या मनांत केव्हांना केव्हां येतोच. त्याचें उत्तर बहुधा घरींच सांपडतें. वडील, काका, शेजारीपाजारी कामधंदा कसा करितात हें आपण पाहतों. पंक्तीस बसलें असतां वडील मंडळींचें बोलणें कानांवर पडतें, आणि न शिकवितां व्यवहार कळूं लागतो. परंतु ज्या मुलास ऐकूंच येत नाहीं त्याचें काय? बहुतेक बधिर मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. घरांत सर्वांचे ओठ हलतांना दिसतात, अर्थबोध मात्र होत नाहीं. आणि मोठेपणीं आपण कोण होणार, हें ज्याच्याकडे पाहून कळावें असें आपल्यासारखें एकही वडील माणूस त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. ही उणीव कशी भरून निघते, ह्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

अठराव्या शतकांत फ्रान्स देशांत आबे द लेपे ह्या धर्मगुरूनें पॅरिस येथें बधिर मुलांसाठीं शाळा काढली. बधिर लोक आपापसांत ज्या खुणा करीत, त्या त्यानें टाकून दिल्या नाहींत. त्यांवरच शिक्षणाची उभारणी केली. पुढें त्याच शाळेंत लोराँ क्लेर नांवाचा सुमारें बारा वर्षांचा मुलगा दाखल झाला. तो तान्हा असतांना विस्तवांत पडला होता व त्याच्या गालावर भाजल्याचा व्रण होता. म्हणून दोन बोटें गालावरून फिरविलीं कीं तेंच त्याचें नांव, असें बधिर मंडळींत ठरून गेलें. त्याचे शिक्षक जाँ मास्यो हे स्वतः बधिर होते. बहिरा मनुष्य वर्गापुढें उभा राहून विद्या देऊं शकतो हें क्लेरनें रोज डोळ्यांनीं पाहिलें; आणि १८०६ सालीं तो स्वतः तेथेंच शिक्षक झाला.

ह्याच सुमारास अमेरिकेंत हार्टफर्ड गांवीं ॲलिस कॉग्सवेल ही बधिर मुलगी होती. तिला शिकवावें कसें हें जाणून घेण्यासाठीं थॉमस गॅलोडेट हे गृहस्थ युरोपास गेले व १८१६ सालीं क्लेरला बरोबर घेऊन परतले. समुद्रप्रवासास बावन्न दिवस लागले. तेवढ्या अवधींत क्लेरनें गॅलोडेट ह्यांस खुणा शिकविल्या आणि गॅलोडेट ह्यांनीं क्लेरला इंग्रजी. १५ एप्रिल १८१७ रोजीं हार्टफर्डची शाळा सुरू झाली. तेथें क्लेरनें चाळीस वर्षें शिकविलें, आणि त्या शाळेंतून बाहेर पडलेले कित्येक बधिर विद्यार्थी पुढें शिक्षक झाले.

कोणी म्हणेल, खुणा म्हणजे नुसते हातवारे. त्यांस भाषा कशी म्हणावी? परंतु त्यांस स्वतंत्र व्याकरण आहे, हें विल्यम स्टोको ह्या विद्वानानें १९६० सालीं दाखवून दिलें. इंग्लंड व अमेरिका ह्यांची बोली इंग्रजीच. पण तेथील बधिरांच्या भाषा इतक्या निराळ्या कीं एकाची दुसऱ्यास सहज समजत नाहीं. ज्यांस अशी भाषा आहे त्यांस 'मुके' म्हणणें योग्य नव्हे. कित्येक बधिर लोक आपणांस व्यंग असलेलीं माणसें न समजतां एका भाषेचा समाज समजतात, तें ह्याच कारणानें.

ही परंपरा एका ठरावानें खंडित झाली. १८८० सालीं इटलींत मिलान येथें बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तींत बधिर प्रतिनिधि जवळजवळ नव्हतेच. शाळांतून खुणा वर्ज्य करून केवळ उच्चार व ओष्ठवाचन शिकवावें, असें तिनें ठरविलें. आरशापुढें उभे राहून 'पळ', 'बळ', 'मळ' हे शब्द आवाज न काढतां म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळां सारखेच मिटतात. ज्यास उच्चार साधतो त्यानें तो अवश्य शिकावा. पण केवळ त्यावर सर्वांची विद्या अवलंबून ठेवणें अन्यायाचें होतें. शिवाय बधिर शिक्षक शाळांतून दूर झाले, आणि मुलांपुढील आदर्श नाहींसा झाला. ह्याच परिषदेच्या २०१० सालच्या व्हँकूव्हर येथील अधिवेशनानें ते जुने ठराव अमान्य करून खेद व्यक्त केला.

वॉशिंग्टन येथील गॅलोडेट विद्यापीठ १८६४ पासून बधिरांस उच्च शिक्षण देत आलें आहे. तरी १९८८ पर्यंत त्याचा अध्यक्ष कधीं बधिर नव्हता. त्या वर्षीं मार्च महिन्यांत पुन्हां ऐकूं येणाऱ्या व्यक्तीचीच निवड होतांच विद्यार्थ्यांनीं विद्यापीठ बंद पाडलें. आठवड्याभरांत किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष निवडले गेले.

आपल्याकडे १८८० च्या दशकांत बिशप लिओ म्यूरिन ह्यांनीं मुंबईस बधिर मुलांची शाळा काढली. भारतीय सांकेतिक भाषेसाठीं दिल्लीस २०१५ सालीं सरकारी संस्था स्थापन झाली. २०१६ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठीं राखल्या असून त्यांपैकीं १ टक्का बधिर व कमी ऐकूं येणाऱ्यांसाठीं आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें सारा सनी ह्या बधिर वकील सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह सर्वोच्च न्यायालयापुढें उभ्या राहिल्या.

तेव्हां ज्या पालकांचें मूल बधिर आहे त्यांनीं तीन गोष्टी कराव्या. मुलाबरोबर स्वतःही सांकेतिक भाषा शिकावी. नोकरी वा धंदा करून संसार चालविणाऱ्या बधिर माणसांशीं त्याची लहानपणींच ओळख करून द्यावी. आणि बँकेंत, कचेरींत, दवाखान्यांत त्याच्या वतीनें आपणच न बोलतां, लिहून किंवा दुभाष्याकरवीं त्याचें म्हणणें त्यालाच मांडूं द्यावें.

विद्यार्थ्यांनो, तुमचें कर्तव्य याहून सोपें आहे. बधिर सोबत्याशीं बोलतांना त्याच्यासमोर उजेडांत उभे राहा, तोंडापुढें हात धरूं नका, न कळल्यास कागदावर लिहा. सर्वजण हंसले आणि त्यानें कारण विचारलें, तर "जाऊं दे, मग सांगतों" असें म्हणून त्याला टाळूं नका. तेव्हांच्या तेव्हां सांगा.