डोलखुर्ची घ्या, तिच्याबरोबरची गोष्ट घेऊ नका

चाकणजवळच्या कुरुळी, चिंबळी, निघोजे, मोई या पट्ट्यात जुनी घरे पडत आहेत आणि नवे फ्लॅट उभे राहत आहेत. पाडलेल्या घरांतल्या तुळया, खांब आणि चौकटी विकायला येतात, आणि त्याच वेळी नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत एखादी जुनी डोलखुर्ची असावी असे अनेकांना वाटू लागते. ती हौस चांगली आहे. दिवसभर मशीनसमोर किंवा संगणकासमोर काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी दहा मिनिटे डोलत बसावेसे वाटले तर त्यात काहीच गैर नाही. पण या खरेदीत माणसे फसताना मी पाहतो, आणि फसण्याची तऱ्हा बहुधा एकच असते. खुर्ची शंभर वर्षांची आहे, अमुक वाड्यातली आहे, साहेबाच्या बंगल्यातली आहे, या बोलण्याला पैसे मोजले जातात. दोन पावसाळ्यांनंतर तीच खुर्ची करकरते, एका बाजूला सरकते आणि शेवटी कपडे टाकायच्या कामाला येते. माझे म्हणणे एवढेच आहे की डोलखुर्चीचे वय तुम्हाला तपासता येत नाही, तिचे डोलणे मात्र तपासता येते. ज्या गोष्टीची खात्री करता येते, तिलाच पैसे द्यावेत.

या खुर्चीच्या इतिहासातही ऐकीव गोष्टी आणि पुरावा यांची सरमिसळ झालेली आहे. ती बेंजामिन फ्रँकलिनने शोधली असे सर्रास सांगितले जाते, पण त्याला आधार नाही. अठराव्या शतकात साध्या खुर्च्यांच्या पायांना वाकड्या पट्ट्या जोडण्याची पद्धत इंग्लंड-अमेरिकेत रूढ झाली, त्यामागे कोणी एक शोधक सापडत नाही. पुरावा भक्कम आहे तो व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटचा. वाफेवर लाकूड वाकवण्याच्या पद्धतीचे हक्क त्याला 1856 मध्ये मिळाले आणि 1860 मध्ये त्याच्या कारखान्याने वाकवलेल्या बीच लाकडाची, वेताच्या विणीची डोलखुर्ची काढली. 1869 मध्ये ते हक्क संपले आणि इतर कारखान्यांनी तशाच खुर्च्या काढायला सुरुवात केली. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. हे एवढ्यासाठी सांगतो की हा माल मुळातच कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेला होता. तो दुर्मीळ असल्याचा दावा ऐकलात तर सावध व्हा. शिवाय बीच हे सागासारखे कीड दूर ठेवणारे लाकूड नाही. परदेशी शिक्का आणि आपली हवा यांचे जमेलच असे नाही.

आपल्या घरांत डोलखुर्ची उशिरा आली, त्याचे एक कारण मला जमिनीत दिसते. शेणाने सारवलेल्या मऊ, उंचसखल भुईवर वाकड्या पट्ट्या नीट फिरत नाहीत. भुई उकरते आणि खुर्ची तिरकी होते. त्या घरांनी डोलण्याची गरज झोपाळ्याने भागवली, कारण झोपाळ्याला जमिनीशी देणेघेणे नसते, त्याचा सगळा भार तुळईवर आणि कड्यांवर जातो. शहाबादी फरशी आणि मग टाइल आल्या तेव्हा डोलखुर्चीला योग्य जागा मिळाली. यावर कोणी म्हणेल की मग आपला झोपाळाच बरा, ही परकी वस्तू कशाला? तुळई असेल, जागा असेल तर झोपाळा जरूर बांधा. पण आजच्या फ्लॅटमध्ये छताच्या स्लॅबला हूक ठोकण्याआधी ती रचना कोणा जाणकाराला दाखवावी लागते, सोसायटीला विचारावे लागते. भाड्याच्या घरात तर तो प्रश्नच उद्भवत नाही. डोलखुर्ची घर बदलताना टेम्पोत जाते. नोकरीसाठी आलेल्या आणि पुन्हा हलणाऱ्या कुटुंबांच्या या पट्ट्यात हा फायदा छोटा नाही.

आता डोलण्याकडे येऊ. कपाट जुने असले आणि थोडे हलले तरी भिंतीला टेकून उभे राहते. डोलखुर्ची मात्र प्रत्येक झोक्याला माणसाचे वजन पुढे-मागे फेकते आणि तिचा प्रत्येक सांधा दर वेळी ताणला जातो. म्हणून ती यंत्र समजून तपासावी. चाकणच्या कारखान्यात पुरवठादाराचा पार्ट त्याच्या कहाणीवर नाही, गेजवर पास होतो, तसेच इथे करावे. खालच्या वाकड्या पट्ट्या हा वर्तुळाचा तुकडा असतो. त्या वर्तुळाचा केंद्रबिंदू बसलेल्या माणसाच्या गुरुत्वमध्याच्या पुरेसा वर असेल तर खुर्ची कलून पुन्हा जागेवर येते, खाली असेल तर उलटते. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास असतो, म्हणून चांगल्या खुर्च्यांत ही त्रिज्या साधारण तीन ते साडेतीन फूट ठेवतात. मोजायला फक्त एक टेप लागते. सपाट फरशीवर खुर्ची स्थिर होऊ द्या, पट्टी जिथे टेकते तिथून 12 इंच अंतर घ्या आणि तिथे पट्टी जमिनीपासून किती उचलली आहे ते पाहा. 2 इंच असेल तर त्रिज्या 37 इंच येते, म्हणजे ठीक. 3 इंच असेल तर ती साडेपंचवीस इंचांवर येते, अशी खुर्ची म्हाताऱ्या माणसाच्या घरात नेऊ नये. मागचे टोक थोडे सपाट असले तर चांगलेच, त्याने मागे पडण्याला आळा बसतो. जुन्या पट्ट्या झिजून एखाद्या मिस्त्रीने अंदाजाने नव्या बसवलेल्या असतात, तिथे हा घोळ हमखास सापडतो. त्यानंतर रिकामी खुर्ची ढकलून सोडा. ती सरळ रेषेत डोलत थांबली पाहिजे. ती वळत किंवा सरकत गेली तर दोन्ही पट्ट्या सारख्या नाहीत. गुळगुळीत टाइलवर चांगली खुर्चीही थोडी सरकते, तिथे खाली जाड सतरंजी पुरते.

मग खुर्ची उलटी करा. विक्रेता पुढून दाखवतो ते पॉलिश असते, खरी खुर्ची खालून दिसते. लाकडाला बारीक गोल भोके असतील आणि त्यांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड अजून आत आहे. सागाच्या तपकिरी गाभ्याला ती सहसा लागत नाही, कडेच्या फिकट पांढऱ्या भागाला लागते, म्हणून तो भाग कुठे वापरला आहे ते बघा. सांध्यात खिळे आणि लोखंडी पट्ट्या दिसल्या तर आधीची दुरुस्ती घाईची आहे. जुन्या सांध्यांत सरस असतो. पावसाळ्यात तो सैल होतो, हे खरे, पण तोच त्याचा गुण आहे. वाफ देऊन सांधा उघडता येतो, साफ करून पुन्हा चिकटवता येतो. सरस न खरवडता त्यावर फेविकॉल ओतला तर तो धरत नाही. रंगवलेली जुनी खुर्ची असेल तर घरात पॉलिशपेपर मारू नका. घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात जाणे धोक्याचे आहे.

या भागाची एक खास सावधगिरी आहे. कारखान्यांत येणाऱ्या पॅलेटच्या पाइनपासून फर्निचर बनवून, गडद डाग देऊन ते जुने म्हणून विकता येते. निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश तापमान 30 मिनिटे दिलेले, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. पॅलेटच्या लाकडाची खुर्ची त्याच नावाने आणि त्याच भावात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, फक्त एमबीचे लाकूड घरात नको. जुन्या तुळईच्या सागातून नवी घडवलेली खुर्चीही उत्तम, विक्रेत्याने तसे सांगितले तर.

यावर जाणकारांचा आक्षेप मला ठाऊक आहे. सांधे उघडले, वेत नवा विणला, पट्टी बदलली की जुनेपण जाते, मग उरले काय? संग्रहालयातल्या वस्तूबाबत हे बरोबर आहे. घरातल्या खुर्चीबाबत नाही, कारण वेत तुटणारच आणि विणला जाणारच. ज्या काळातल्या खुर्च्या आज टिकून आहेत, त्या दुरुस्त होत आल्या म्हणून टिकल्या. जुने लाकूडच चांगले, हेही सरसकट खरे नाही. त्या काळातही हलक्या दर्जाचा माल बनत होता, तो मोडून गेला म्हणून आपल्याला दिसत नाही. आणि रिक्लायनर का नको? पाठ टेकून पडायचे असेल तर रिक्लायनर ठीक. पण डोलण्यात पाय आणि कंबर हलकी हलत राहतात. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पाठदुखीसाठी डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डोलखुर्ची सुचवली होती. जिनिव्हाच्या संशोधकांनी 2011 मध्ये डोलणाऱ्या पलंगावर दुपारची झोप लवकर लागते असे दाखवले. प्रयोग छोटा होता आणि पलंगाचा होता, तेव्हा खुर्ची औषध म्हणून विकणाऱ्याचे ऐकू नका. मन निवते, एवढे पुरे आहे.

खोलीत पुढे-मागे मिळून पाच फूट मोकळी जागा नसेल, किंवा घरात रांगते मूल असेल, तर सध्या थांबा. पट्टीखाली बोट सापडायला क्षण पुरतो. जागा असेल तर जुन्या कामाचा एखादा सुतार सोबत न्या आणि त्याची मजुरी आधी ठरवा. दुरुस्तीचा खर्च किमतीत धरून भाव करा. आणि विक्रेता खुर्ची उलटी करून पाहू देत नसेल, तर ती कितीही सुंदर असली तरी घेऊ नका.