जुनी पद्मिनी घेताना : आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन

मेकॅनिकलला आहे म्हटलं की गावाकडे दोन कामं हमखास गळ्यात पडतात. एक, कुणाचा तरी बंद पडलेला पंप बघणं. दुसरं, कुणाची तरी जुनी गाडी घेण्याआधी 'जरा बघून दे'. पंप मी बऱ्यापैकी बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र गेल्या सुट्टीत माझी अशी काही व्हायवा झाली, की ती लिहून ठेवावीशी वाटली. उद्या तुमच्यावरही ही वेळ येणार आहे.

माझं गाव झरी, तालुका तलासरी. इथून गुजरातची हद्द जवळ आणि समुद्रही फार लांब नाही. माझा मामा तरुणपणी घोलवडकडे एका चिकूच्या वाडीवर कामाला होता. वाडीच्या मालकाकडे प्रीमियर पद्मिनी होती आणि मामा तिच्यावरच गाडी शिकला. यंदा नव्या रस्त्याच्या कामात मामाच्या जमिनीचा एक तुकडा गेला, त्याचे पैसे आले, आणि नेमकी त्याच वेळी गावात १९८६ ची एक पद्मिनी विकायला निघाली. किंमत ऐंशी हजार. मामा म्हणाला, "भाचा इंजिनीअर होतोय, तो बघेल." मामी एवढंच म्हणाली, "जमिनीचे पैसे आहेत ते. पत्र्यात घालू नकोस." सगळं ओझं आलं माझ्या डोक्यावर.

गाडीची थोडी ओळख

सोलापूरचे वालचंद हिराचंद, ज्यांच्या नावाने सांगलीचं वालचंद कॉलेज आहे, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून तिथे 'फियाट ११०० डिलाइट' बनू लागली आणि १९७४ मध्ये तिचंच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. लोक मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी, २० वर्षांची मुदत संपल्यामुळे, ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली.

इंजिन चार सिलिंडरचं. बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. कॅल्क्युलेटर काढा आणि व्हॉल्यूम करून बघा, १०८९ सीसी येईल. कार्ब्युरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगजवळचा गिअर. इंजिन कंट्रोल युनिट, सेन्सर असलं काही नाही. म्हणजे आपल्या थिअरीत जे शिकवतात ते सगळं यात उघड्या डोळ्यांनी दिसतं.

माझी चूक

मी काय केलं? थेट बॉनेट उघडलं. कारण मला तेच येतं! होस्टेलच्या मित्राकडून कॉम्प्रेशन गेज आणलं होतं. चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला आणि मामाला सेल्फ मारायला सांगितला. रीडिंग आलं १२०, ११८, १२१ आणि ९५ पीएसआय. चार सिलिंडरमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, इथे २० च्या वर गेला. मग चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घेतलं, तर ११४! तेलाने प्रेशर वाढलं म्हणजे गळती रिंग आणि बोअरच्या मधून आहे. वाढलं नसतं तर संशय वाल्ववर किंवा हेड गॅस्केटवर. मी सरांना उत्तर द्यावं तसं सांगितलं, "चौथ्याच्या रिंगा गेल्यात. बाकी इंजिन चांगलं आहे. घ्यायला हरकत नाही."

मामाचा एक जुना मित्र बरोबर आला होता. आयुष्यभर गॅरेजमध्ये काम केलेला माणूस. तो इतका वेळ बिडी ओढत गप्प बसला होता. तो उठला, ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं आणि स्क्रू ड्रायव्हर हलकेच टेकवला. स्क्रू ड्रायव्हर खाली जमिनीवर पडला. पत्र्यातून आरपार!

पत्रा आधी का?

ट्रकला वेगळी चासी असते, वर केबिन बसवलेली. पद्मिनीला तशी चासी नाही. तिची बॉडी हीच चासी, म्हणजे मोनोकॉक. फ्लोअर आणि दाराखालच्या पेटीसारख्या पट्ट्या, ज्यांना सिल म्हणतात, यांच्यावरच सगळा भार. ते गंजले तर गाडीची कंबर मोडली. आमच्या भागात चार महिने धो धो पाऊस, हवेत खारटपणा आणि गाडी मातीवर उभी. दारांच्या तळाशी पाणी जायला छोटी भोकं असतात, ती पाचोळ्याने बुजली की पाणी आतच राहतं. गंज आतून बाहेर येतो. बाहेर फुगा दिसला म्हणजे आत पत्रा जवळजवळ संपला समजायचं.

काकांनी मला चार साध्या परीक्षा शिकवल्या :

१) लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून बॉडीवर फिरवा. पत्र्यावर चिकटतो, जिथे पुट्टी जाड भरली आहे तिथे घसरून पडतो. अंतर वाढलं की चुंबकाचं बल झपाट्याने कमी होतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

२) सगळी मॅट, डिकीतलं स्टेपनी चाक उचला आणि खाली बोट फिरवा. ताजा काळा डांबरी लेप दिसला तर खूश होऊ नका. तो कशावर मारलाय ते विचारा.

३) स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सिल ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, गंजलेला भदभद.

४) दार उघडून, लावून बघा. मग जॅक पॉइंटला जॅक लावून ती बाजू थोडी उचला आणि दार परत लावून बघा. आमच्या गाडीचं दार आधी नीट लागत होतं, जॅकवर ते लॉकला घासायला लागलं. म्हणजे बॉडी वाकत होती. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. ठोकळे लावा.)

मग काका म्हणाले ते मी जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. "इंजिनाच्या रिंगा बाजारात मिळतात. पत्रा बाजारात मिळत नाही, तो बनवायला लागतो." रिंगांचं काम काही हजारांत होतं. फ्लोअर आणि दोन्ही सिल नीट कापून नवे वेल्ड करायचे तर काकांच्या अंदाजाने गाडीच्या किमतीएवढाच खर्च.

पत्र्याच्याही आधी कागद

आरसी बुक मी बघितलंच नव्हतं. काकांनी मागितलं. नंबर जुना, एमएच सुरू होण्याच्या आधीचा तीन अक्षरी. चासी नंबर पुसून, पेन्सिलने ठसा घेऊन जुळवला, जुळला. पण गाडी विकणाऱ्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर, आणि नोंदणीची मुदत २०१६ मध्येच संपलेली.

इथे कायदा माहीत हवा. खासगी कारची नोंदणी पहिली १५ वर्षं, नंतर दर ५ वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण. १५ वर्षांवरच्या कारची ही फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाली, २० वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ पासून त्याहून जास्त. शिवाय उशिराचा दंड आणि पर्यावरण कर. मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर आणि मग फॉर्म २९ आणि ३० ने आपल्या नावावर. बँकेचं कर्ज लिहिलेलं असेल तर फॉर्म ३५. 'व्हिंटेज करून घेऊ' असं कुणी म्हणालं तर ऐका : २०२१ च्या नियमानुसार त्याला गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ स्वरूपातली लागते, आणि ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. १९८६ ची गाडी त्यात बसत नाही.

मग इंजिन आणि बाकीचं

हे दोन्ही पास झालं तरच बॉनेट उघडा. इंजिन थंड असताना जा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर तसंच काहीतरी कारण असतं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा दाट पांढरा म्हणजे पाणी आत जातंय. ब्रेक पेडल एक मिनिट दाबून धरा, हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर बघावा लागेल. चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा, खडखड नको. बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, चालू गाडीत १४ च्या आसपास हवी. आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलायच्या असं धरूनच चाला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, या गाड्यांचं रबर त्या काळचं आहे.

शेवट काय झाला?

गाडी घेतली नाही. काकांनी विकणाऱ्याला शांतपणे सांगितलं, "आधी गाडी तुझ्या नावावर कर, नोंदणी चालू कर, मग ये. पत्र्याचे पैसे कापूनच बोलू." मामा काही बोलला नाही. निघताना ड्रायव्हरच्या सीटवर बसला, पाय त्या भोकाच्या बाजूला ठेवून. स्टिअरिंगजवळचा गिअर एकदा खाली-वर केला आणि उतरला. घरी मामीने विचारलं तेव्हा "भाच्याने नको म्हटलं" असं सांगून मोकळा झाला. खरं म्हणजे भाच्याने 'घे' म्हटलं होतं!

म्हणून सांगतो, आपण जे शिकलोय तिथून तपासणी सुरू करू नका. जे दुरुस्त होत नाही तिथून सुरू करा. कागदाला पाना लागत नाही, गंजलेल्या पत्र्याला पाना लावायला जागा उरत नाही, इंजिनाला मात्र आपण आहोतच.

मामा अजून फोनवर विचारतो, "दोन्ही बाजूचे सिल वेल्ड करायला किती लागतील रे?" आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात आहे. या वेळी मी ते मन लावून करणार आहे.