भिंतीचा झाला फळा

चित्रांच्या प्रदर्शनात ‘हात लावू नका’ अशी पाटी असते. पण लोकांनी हात लावल्याशिवाय पुरी होतच नाही, अशीही कला असते.

अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठी न्यू ऑर्लिन्स हे शहर आहे. २००५ साली कतरिना वादळात तिथले बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. पुढे कित्येक वर्षे अनेक घरे ओस पडून होती. कँडी चँग या कलावंत बाईंचे एक जिवाभावाचे माणूस २००९ मध्ये अचानक वारले. ते दुःख मनात होतेच. २०११ मध्ये त्यांनी रीतसर परवानगी काढून घराजवळच्या एका ओसाड घराची भिंत फळ्याच्या रंगाने रंगवली. ‘मरण्यापूर्वी मला ........ आहे’ असे वाक्य साच्याने पुन्हा पुन्हा छापले, शेजारी खडू ठेवले. बस्स! दुसऱ्या दिवशी भिंत भरली.

कुणाला झाड लावायचे होते, कुणाला लाखो लोकांपुढे गायचे होते. एकाला ‘तिला’ आणखी एकदा जवळ घ्यायचे होते. हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा आई गप्पच झाली.

मला वाटते, घरोघर कागद वाटले असते तर कुणी काही लिहिले नसते. खडू दिसला की हात शिवशिवतात! शिवाय नाव घालायची सक्ती नाही. रोज नुसते समोरून जाणाऱ्या शेजाऱ्यांना एकमेकांच्या मनातले कळले.

पुढे ७० हून अधिक देशांत अशा ५००० वर भिंती झाल्या. सामान थोडेच लागते: फळ्याचा रंग, साचा, खडू आणि घरमालकाची परवानगी.