मुक्त अध्ययनातून नियमित महाविद्यालयाकडे : दिल्लीतील स्थलांतराचे नियोजन

दिल्ली विद्यापीठातील प्रवेशाची चुरस सर्वश्रुत आहे. 2011 साली श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने काही विद्यार्थ्यांसाठी बी.कॉम. (ऑनर्स) प्रवेशाची किमान मर्यादा 100 टक्क्यांवर नेली, तेव्हा देशभर चर्चा झाली होती. 2022 पासून बारावीच्या गुणांची जागा सीयूईटी या सामाईक परीक्षेने घेतली. निकष बदलला, तरी जागांची टंचाई कायम राहिली. त्यामुळे ज्यांना पहिल्या वर्षी नियमित महाविद्यालयात जागा मिळत नाही, त्यांनी अन्यत्र सुरुवात करून पुढे तेथे पोहोचावे कसे, हा राजधानी परिसरातील हजारो कुटुंबांचा प्रश्न आहे. उच्च शिक्षणाच्या धोरणाचा अभ्यास करणाऱ्यांसाठीही तो महत्त्वाचा आहे. कारण 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील लवचिकतेची खरी कसोटी येथेच लागते.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर कम्युनिटी कॉलेजने दिले. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 मध्ये अशा प्रकारची पहिली सार्वजनिक संस्था सुरू झाली. 1960 च्या कॅलिफोर्निया बृहत् आराखड्याने त्याला व्यवस्थेचे रूप दिले. कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुले, तेथे दोन वर्षे पूर्ण करावीत आणि नंतर राज्य विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जावे, अशी ती रचना आहे. तिचे मर्म मात्र दोन वर्षांच्या या गणितात नाही, ते संस्थांमधील करारांत आहे. कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या जागी धरला जाईल, हे आधीच लिहिलेले असते. पहिल्या सत्राचे विषय निवडतानाच विद्यार्थ्याला पुढची वाट ठाऊक असते.

भारतात पुदुच्चेरी व चेन्नई येथे 1995-96 च्या सुमारास समुदाय महाविद्यालयांचे प्रयोग झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 मध्ये त्यासाठी स्वतंत्र योजना आखली. परंतु या महाविद्यालयांचा भर रोजगाराभिमुख कौशल्यांवर होता. पारंपरिक पदवीच्या दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षात जाण्याचा राजमार्ग त्यांतून तयार झाला नाही. नावाने जे समुदाय महाविद्यालय नाही, तेच दिल्लीत त्याचे काम करते.

अशी पहिली संस्था म्हणजे दिल्ली विद्यापीठाचे स्कूल ऑफ ओपन लर्निंग. 1962 मध्ये पत्रद्वारा शिक्षणासाठी ती स्थापन झाली. येथे सीयूईटीची अट नाही आणि पदवी दिल्ली विद्यापीठाचीच मिळते. दुसरी संस्था 1944 पासून चालणारे नॉन-कॉलेजिएट विमेन्स एज्युकेशन बोर्ड. शहरातील महाविद्यालयांत प्रामुख्याने शनिवार-रविवारी तिचे वर्ग भरतात; मात्र प्रवेश केवळ राष्ट्रीय राजधानी क्षेत्र दिल्लीत राहणाऱ्या मुलींनाच मिळतो. गाझियाबाद किंवा फरीदाबादची मुलगी मेट्रोने अर्ध्या-पाऊण तासात तेथे पोहोचू शकते, पण प्रवेशास पात्र ठरत नाही. राजधानी परिसर हा नियोजनाच्या नकाशावर एकच प्रदेश असला, तरी प्रवेशाच्या नियमांत तो तीन-चार राज्यांचा असतो. नोएडा-गुरुग्रामच्या विद्यार्थ्याने हे आरंभीच पडताळून घ्यायला हवे.

या दोन्ही संस्थांतून त्याच विद्यापीठाच्या नियमित महाविद्यालयात स्थलांतराची तरतूद आहे. तिचा पाया रिक्त जागा हा आहे. पहिल्या वर्षाचे काही विद्यार्थी अन्यत्र निघून जातात, जागा मोकळ्या होतात आणि महाविद्यालये अर्ज मागवितात. सूचनेत अभ्यासक्रम, जागा आणि गुणांची अट दिलेली असते. अर्जाची मुदत बहुधा थोडीच असते. साधारणतः पहिल्या वर्षाचे सर्व विषय उत्तीर्ण असावे लागतात आणि सोडावयाच्या व घ्यावयाच्या अशा दोन्ही संस्थांची ना हरकत लागते. निकालाला विलंब झाला, तर गुणवान विद्यार्थीही मागे पडतो. जागा किती निघतील हे कोणालाच आगाऊ सांगता येत नाही. त्यामुळे एकाच नामांकित महाविद्यालयावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही.

अभ्यासक्रमाची निवड याहून निर्णायक ठरते. मुक्त विद्याशाखेत प्रयोगशाळेचे विज्ञान विषय शिकविले जात नाहीत. तेथे राज्यशास्त्र (ऑनर्स) घेतलेला विद्यार्थी त्याच विषयाच्या नियमित वर्गात बसू शकतो, बी.ए. (प्रोग्राम) चा विद्यार्थी अर्थशास्त्र (ऑनर्स) च्या दुसऱ्या वर्षात जाण्याची आशा धरील, तर पहिल्या वर्षाचे गणित व सूक्ष्म अर्थशास्त्र त्याच्या खात्यावर नसते. अमेरिकेत करार जे सांगतो, ते येथे विद्यार्थ्याने दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून स्वतः शोधावयाचे आहे.

एका विद्यापीठातून दुसऱ्यात जावयाचे असल्यास गणित बदलते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै 2021 च्या विनियमांनी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक पेढी, अस्तित्वात आली. विद्यार्थ्याचे श्रेयांक तेथे जमा होतात आणि कमाल सात वर्षे वापरता येतात. तथापि पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान 50 टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. दिल्ली विद्यापीठाच्या 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीस 132 आणि चार वर्षांच्या पदवीस 176 श्रेयांक आहेत. प्रत्येक सत्रास 22. बाहेरून तिसऱ्या सत्रात येणाऱ्यापुढे 88 श्रेयांक शिल्लक राहतात, म्हणून 66 ची अट सहज पुरी होते. पाचव्या सत्रात येणाऱ्यापुढे तीन वर्षांच्या पदवीचे फक्त 44 उरतात. त्याला चौथे वर्षही तेथेच करावे लागेल. तेव्हा नेमके 88 होऊन 176 चे अर्धे भरतात. दोन वर्षांनंतर स्थलांतराचा बेत करणाऱ्याने हा आकडा आधी मांडून पाहावा.

या पेढीचे नाव थोडे फसवे आहे. बँकेतील पैसा कोणत्याही दुकानात चालतो. श्रेयांक स्वीकारावयाचे की नाही, हे प्रवेश देणारी संस्था ठरविते. पेढी नोंद ठेवते, जागा देत नाही. परीक्षार्थींनी धोरणातील बहुप्रवेश-बहुनिर्गमनाचे मूल्यमापन करताना हा भेद नीट मांडावा : बाहेर पडण्याचा हक्क नियमांनी निश्चित झाला आहे, पुन्हा आत येण्याची संधी मात्र रिक्त जागांवर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियातील करारांसारखी लिखित समतुल्यता मुक्त विद्यापीठे व केंद्रीय विद्यापीठे यांच्यात होत नाही, तोवर ही उणीव राहील.

तंत्रशिक्षणात हे काम बऱ्याच अंशी झाले आहे. महाराष्ट्रातील वाचकांना पदविकेनंतरचा 'थेट द्वितीय वर्ष' अभियांत्रिकी प्रवेश परिचित आहेच. तेथे पदविकेचे गुण व केंद्रीभूत प्रवेश फेरी यांवर जागा मिळते. दिल्लीत 1998 मध्ये स्थापन झालेले गुरु गोविंदसिंह इंद्रप्रस्थ विद्यापीठ पदविकाधारकांना बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षात घेते. येथे वाट अरुंद असली तरी निश्चित आहे. तिला स्वतंत्र जागा आहेत, वेळापत्रक आहे आणि दहावीनंतर तंत्रनिकेतनात जाणाऱ्याला ती पहिल्या दिवसापासून दिसते.

मुक्त विद्याशाखेतील विद्यार्थ्यापुढे आणखी दोन पर्याय उरतात. सीयूईटी पुन्हा देऊन पहिल्या वर्षापासून नव्याने सुरुवात करता येते. त्यात एक वर्ष जाते, पण निर्णय परीक्षेतील गुणांवर होतो, कोणाच्या सोडून जाण्यावर नाही. अर्थशास्त्र वा विज्ञानाकडे वळू पाहणाऱ्याला बहुधा हाच मार्ग योग्य ठरेल. किंवा पदवी तेथेच चांगल्या गुणांनी पूर्ण करून सीयूईटी-पीजीद्वारे पदव्युत्तर वर्गासाठी दिल्ली विद्यापीठ वा जवाहरलाल नेहरू विद्यापीठाकडे वळावे. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. ज्या घरात विद्यार्थ्याची मिळकतही मोजली जाते, तेथे हा तीन वर्षांचा मार्ग दुसऱ्या वर्षाच्या अनिश्चित स्थलांतरापेक्षा अधिक भरवशाचा ठरतो.