बर्फात घाम महाग पडतो

सह्याद्रीत चढाई घामाने मोजायची आपल्याला सवय आहे. बनियन पिळून निघाला की ट्रेक झाल्यासारखा वाटतो. हीच सवय घेऊन आपली मंडळी डिसेंबर-जानेवारीत केदारकंठ्याला निघतात, म्हणून हे लिहितो आहे.

केदारकंठा उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. उंची सुमारे ३,८०० मीटर. डेहराडूनहून पुरोला, मोरी करत सांकरीला पोचायला दिवस मोडतो. हे पायथ्याचं गावच आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) उंचावर आहे. ट्रेक सोपा म्हणून प्रसिद्ध आहे आणि सोपा आहेच, अंगावरचे कपडे कोरडे राहिले तर.

माझा मित्र गड चढताना कधी मागे न राहणारा. शिखरावर सूर्योदय बघायचा म्हणून आम्ही मध्यरात्रीनंतर तंबूतून निघालो. (या सूर्योदयाच्या हट्टापायी शेकडो माणसं एकाच वेळी अंधारात एकाच वाटेला लागतात. उजाडल्यावर निघालं तरी हिमशिखरं कुठे पळून जात नाहीत.) थंडी एवढी की मित्राने होते-नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवले होते, आणि आत सुती टी-शर्ट. पहिल्या तासाभरात तो घामाने निथळला. मग शेवटच्या धारेवर गर्दी तुंबली. दहा पावलं चालायचं, थांबायचं. वारा सुरू झालेला.

ओल्या कपड्याचा हिशेब साधा आहे. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. चालत असतो तोवर शरीर ती भरून काढतं. रांगेत उभं राहिलं की भरपाई थांबते.

वर पोचलो तेव्हा स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछवर ऊन आलं होतं. एरवी प्रत्येक बुरुजाचे फोटो काढणाऱ्या माझ्या मित्राने फोन बाहेरही काढला नाही. एका हातात मोजा नव्हता आणि तो कुठे पडला याचा त्याला पत्ता नव्हता. "ठीक आहेस ना?" विचारलं तर "हो रे, ठीकय" म्हणाला, पण जीभ जड झालेली. त्याला जॅकेटची चेन लावायला सांगितली. बोटं चेनवरून नुसती घसरत राहिली.

गारठलेल्या माणसाला आपण गारठलोय हे शेवटी कळतं, कारण थंडी आधी त्याची अक्कलच मंद करते. म्हणून "ठीक आहेस ना" हा प्रश्न तिथे कुचकामी. काहीतरी करायला सांगा: बक्कल लावून दाखव, शंभरापासून उलटे आकडे मोज, सरळ रेषेत चार पावलं टाक. बोबडी वळते आहे, पाय अडखळताहेत, बडबड्या माणूस गप्प झालाय, यातलं काहीही दिसलं तरी तिथल्या तिथे उपाय सुरू करा. कुडकुडणं थांबलं तर ते बरं वाटल्याचं लक्षण समजू नका. शरीराने हात टेकलेत.

आमच्या गाईडने त्याला खडकाच्या आडोशाला नेलं, बर्फावर सॅक टाकून तिच्यावर बसवलं, ओला टी-शर्ट उतरवून माझा कोरडा थर्मल घातला, वर फ्लीस, टोपी, जॅकेट. थर्मासमधला गोडमिट्ट चहा घोट-घोट पाजला. शुद्धीवर असून गिळता येत असेल तरच हे करायचं. बाजूच्या ग्रुपमधल्या एका काकांनी प्रेमाने ब्रँडी पुढे केली, ती गाईडने परत पाठवली. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर पडते. हात-पाय चोळणंही टाळा, बर्फाने तर मुळीच चोळू नका. तो थरथरत बोलायला लागला तसे आम्ही हळूहळू खाली उतरलो. माणूस सावरत नसेल, गुंगायला लागला असेल, तर मात्र त्याला चालवू नये. गुंडाळून आडवा ठेवावा आणि मदत बोलवावी.

आता तयारीचं. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, इतकेच कपडे घाला. पंधरा मिनिटांनी थांबून एक थर काढा, थांबा आला की लगेच चढवा. सुती काहीही नको, मोजेसुद्धा. लोकर किंवा सिंथेटिक चालेल. हातमोज्यांचा जादा जोड हवाच. बूट बर्फात घसरतात, म्हणून मायक्रोस्पाइक लावा. ऊन बर्फावरून उलटून डोळ्यांत जातं, तेव्हा काळा चष्मा ढगाळ दिवशीही घाला. पाण्याची बाटली उलटी ठेवा; बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं.

आणि हल्ली मोठी सॅक खेचरावर देऊन लोक शिखराच्या दिवशी मोकळ्या हातांनी वर जातात. खुशाल द्या, पण एक कोरडा थर्मल आणि हातमोज्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये ठेवा. तो चढणीवर लागतो, आणि खेचर तेव्हा खाली कॅम्पवर असतं.