चिलखताच्या आतला उन्हाळा

गेल्या एप्रिलात मिरवणुकीच्या बंदोबस्तावरून एका महिला पोलीस शिपायाला तिच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यात आणले. दंगलीच्या वेळचे जाड संरक्षक जाकीट अंगावर तसेच होते. घामाने चिंब, चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, ताप १०१. सकाळपासून पाणी किती प्यालीस, असे विचारले. मान खाली घालून म्हणाली, "एकच पेला, डॉक्टरसाहेब. तिथे बायकांसाठी सोय कुठे असते?"

ही उष्माघाताच्या अलीकडची पायरी. घाम वाळला तरच शरीर गार होते. जाकिटाखाली वारा जात नाही. घाम गळतो, पण वाळत नाही. त्यात पुरुषांच्या मापाचे जाकीट असले, तर छातीवर दाटते, काखेत घासते, बसले की खालची कड पोटात रुतते. डीआरडीओच्या दिल्लीतील 'डीपास' या संस्थेने शीघ्र कृती दलातील महिलांसाठी त्यांच्या बांध्याचे कवच तयार केले, ते याच कारणाने.

तसे कवच हाती येईपर्यंत काय करावे? आत घाम शोषणारा सैल सुती बनियन घालावा, भिजला की बदलावा. छातीखालची व काखेतली त्वचा कोरडी ठेवावी. घामोळे व नायटा तिथेच होतो. तहानेची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. घाम फार गेल्यास १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घ्यावे. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. लघवी तुंबवून ठेवल्याने मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो, तो वेगळाच. उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. रजेवरून आलेलीला पहिल्याच दिवशी भर दुपारी उभे करू नये. गरोदर भगिनींनी हे काम टाळावे.

कोणी असंबद्ध बोलू लागली, झोकांड्या खाऊ लागली, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी फसू नका. जाकीट काढा, सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडाने पाणी देऊ नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही.

आमची रुग्ण दोन तासांत सावरली. अधिकाऱ्यांना एवढीच विनंती : बंदोबस्ताचा नकाशा आखताना पाण्याची टाकी, सावली, पाळीपाळीने विश्रांती आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांच्याही जागा त्यावर दाखवा. दगडापासून वाचवणाऱ्या जाकिटातच आपली लेक उन्हाने कोसळू नये.